गुरुवारी कुणी विचारायचं नाही

कालीवारू गावात सकाळी घराबाहेर पडलेल्या माणसाची पहिली गाठ पडायची ती बू, म्हणजे बाई, कस्मिराशी. तिचं घर गल्लीच्या तोंडाशी, आणि घरापुढे तिचं पेचेलचं टेबल. उकडलेला पाला, मोड आलेले मूग, वर शेंगदाण्याची तिखट चटणी, सगळं केळीच्या पानात बांधून द्यायचं. चटणी वाटता वाटता ती मान वर करायची आणि विचारायची, "कुठे निघालीस?"

आता हा प्रश्न काही कस्मिराने शोधून काढलेला नाही. साऱ्या जावा बेटावर तो चालतो. तो प्रश्न नाहीच मुळी, रामराम आहे. तो विचारला नाही तर समजावं की समोरच्याचं काहीतरी बिनसलंय. उत्तरही खरं द्यायची गरज नसते. "उत्तरेला" म्हटलं तरी चालतं. विचारणारा "बरं बरं" म्हणतो आणि दोघेही आपापल्या कामाला लागतात. कस्मिराचं मात्र "उत्तरेला" एवढ्यावर पोट भरत नसे.

"उत्तरेला कुणाकडे?"

"बहिणीकडे, बू."

"का गं, तिचं बरं नाही? की तुझंच काही आहे? आणि पिशवी रिकामी घेऊन निघालीस ती?"

यात तिला वाईट काही वाटत नसे, कारण तिच्या मनात वाईट काही नव्हतं. सत्तावीस वर्षं ती गावातल्या बाळांची वजनं करत आली होती. महिन्यातून एकदा झोळीच्या काट्याला बाळ टांगायचं, तक्त्यावर टिंब मांडायचं, आणि वजन घटलं असेल तर आईला चार शब्द सुनवायचे. हे काम बिनपगारी, मान मात्र पुष्कळ. गावातल्या पंचवीस वर्षांखालच्या एकूण एक माणसाला तिने उघडंनागडं टांगलेलं होतं. अशा माणसाने "कुठे निघालीस" विचारलं तर ती चौकशी कशी म्हणायची? तो हक्कच झाला.

एका घराबद्दल मात्र तिच्या टेबलावर चर्चा होत नसे, आणि ते घर टेबलाच्या मागेच होतं. तिची धाकटी, वेनिंग, एकोणीस वर्षांची, सेमारांगच्या कॉलेजातून आठ महिन्यांपूर्वी परत आली ती मागच्या खोलीत जाऊन पडली. कुणी विचारलं की कस्मिराचं उत्तर ठरलेलं असे. "अंगात वारा शिरलाय." वारा शिरणं हे आमच्याकडचं सरसकट दुखणं. डोकं दुखलं, वारा. परीक्षा बुडाली, वारा. उपायही ठरलेला असतो. पाठीला तेल चोळायचं आणि नाण्याच्या कडेने लाल पट्टे उठेपर्यंत खरवडायचं. वेनिंगची पाठ आठ महिन्यांत इतक्या वेळा खरवडून झाली होती की एवढ्यात शिडाच्या होडीतला वारासुद्धा निघून गेला असता. नवरा कालिमांतानला पामच्या मळ्यात होता. दर रविवारी त्याचा फोन यायचा तेव्हाही ती हेच सांगायची. "वाराच आहे हो. उतरेल."

अशात जिल्ह्याच्या आरोग्य कचेरीची योजना आली.

तोवर तरुण पोरांच्या मनाचं दुखणं म्हटलं की एकच ठिकाण होतं. शहरातलं मोठं मनोरुग्णालय, बसने दोन तास. त्या जागेचं नाव गावात शिवीसारखं वापरायचे. आता कचेरीने ठरवलं होतं की ही सारी व्यवस्थाच सुधारायची, आणि ती वरून लादायची नाही, लोकांनाच विचारून आखायची. मनाच्या डॉक्टरीणबाई आठवड्यातून एक दिवस गावात येऊन बसतील. पण बाई एकच आणि गावं अनेक, तेव्हा गरज कुठे आहे ते गावानेच सांगायचं. ही योजना घेऊन जी अधिकारी आली तिचं नाव रेत्नानिंगसिह. सगळे तिला बू रेत्ना म्हणत. वय तिशीच्या आत, कळकळीने बोलणारी, आणि प्रत्येक वाक्यात "सहभाग" हा शब्द एकदा तरी आणणारी.

गावसभा भरली. पुढच्या खुर्च्यांवर पुरुष बसले, चटईवर बायका. ज्यांच्यासाठी सभा होती ती पोरं बाहेर मोटारसायकलींवर बसून फोनमध्ये डोकं खुपसून होती. बू रेत्नाने विचारलं, "तुम्हाला ही सेवा कशी हवी आहे?"

"इंगिह," सभा म्हणाली.

इंगिह म्हणजे "होय जी". पण या "होय जी"चा अर्थ "मान्य आहे" असा नसतो. "तुम्ही बोललात ते ऐकू आलं" इतकाच त्याचा अर्थ. बू रेत्ना स्वतः जावाचीच, तिला हे ठाऊक होतं. पण कचेरीच्या कागदावर "ऐकू आलं" असा रकाना नव्हता. तिने "मान्य" लिहिलं.

मग तरुणांचा एक प्रतिनिधी निवडायचा होता. तरुण मंडळाचे अध्यक्ष पाक तुगिनो (बाईला बू, तसं पुरुषाला पाक) यांची एकमताने निवड झाली. वय एकेचाळीस, गुडघ्याचा त्रास, थोरल्या मुलीचं लग्न ठरत आलेलं. त्यांनी उभं राहून सांगितलं, "आम्हा तरुणांच्या वतीने मी आभार मानतो." बाहेर मोटारसायकलींवर कुणीतरी फिसकन हसलं.

घरोघर जाऊन फॉर्म भरायचं काम कुणाकडे द्यायचं यावर तर चर्चाच झाली नाही. सगळ्या माना एका दिशेला वळल्या. गावप्रमुख पाक हार्सोयो म्हणाले, "बू कस्मिराला विचारायला सांगणं म्हणजे बदकाला पोहायला सांगणं."

एकशे बारा घरं, एकशे बारा फॉर्म. फॉर्मवरचा तिसरा प्रश्न असा: तुमच्या घरात बारा ते चोवीस वयाचं कुणी मनाने त्रासलेलं आहे का? चौथा प्रश्न: तुमच्या शेजारपाजारी असं कुणी आहे का? कस्मिरा दहा दिवस हिंडली. प्रत्येक ओट्यावर गोड चहा झाला, तळलेली केळी झाली. प्रत्येक घराने तिसऱ्या प्रश्नाला ठाम "नाही" म्हटलं, आणि बहुतेकांनी चौथ्याला आवाज खाली आणला.

"आमच्यात नाही हो असलं काही. पण लिहू नका हं माझं नाव... पाक गिमिनचा पोरगा बघा. भिंतीशी बोलतो म्हणे."

पाक गिमिन पंक्चर काढायचा. तो म्हणाला, "आमचा पोरगा एकदम ठणठणीत. समोर सार्मीकडे मात्र जरा विचारा. त्यांची मुलगी जेवत नाही म्हणे, वाळून काडी झालीय."

समोरची बू सार्मी म्हणाली, "माझी मुलगी? ती डाएटवर आहे! तुम्ही असं करा, गावप्रमुखांच्या घरी जा. पण मी सांगितलं म्हणून सांगू नका."

घरोघरी मातीच्या चुली म्हणतात. कालीवारूत मात्र ती चूल नेहमी शेजारच्याच घरात निघायची. कस्मिराला या सगळ्याची मोठी गंमत वाटत होती. लोक किती लपवतात, असं ती चटणी वाटता वाटता म्हणायचीसुद्धा. फॉर्मच्या गठ्ठ्यात मध्येच तिचं स्वतःचं घर आलं, एकसष्टावं. स्वयंपाकघरात उभ्याउभ्या, डाव्या हाताने भाताचं झाकण सावरत तिने तो भरला. तिसरा प्रश्न: नाही. पेन जरासुद्धा अडखळलं नाही.

हे सारे आकडे कचेरीला लॅपटॉपवर भरून हवे होते. कस्मिराला लॅपटॉप उघडताही येत नव्हता. वेनिंगला येत होतं. आठ महिन्यांत तिच्याकडून झालेली कामं म्हणजे भांडी घासणं आणि ती पुन्हा घासणं. कस्मिराला वाटलं, बसेल तेवढंच, हाताला चाळा. गठ्ठा मागच्या खोलीत नेऊन ठेवला आणि ती दारातच पालेभाजी निवडत बसली. आत कळफलकाची टकटक चालू झाली. बऱ्याच महिन्यांनी त्या खोलीतून कसलातरी आवाज येत होता, आणि तिला मनातून फार बरं वाटलं.

मग टकटक थांबली.

"आई, एकसष्ट नंबर चुकलाय."

कस्मिराच्या हातातला पाला तसाच राहिला. क्षणभर तिला वाटलं, ऐकलंच नाही असं दाखवावं. मग ती उलट चिडली. चोरी पकडली गेली की माणूस आधी चिडतो.

"काय चुकलंय? सगळ्यांनी नाहीच लिहिलंय. मी एकटीने हो लिहून गावात तमाशा करू? उद्या तुझ्या लग्नाचं बघायचंय मला."

"मी तमाशा कर म्हणत नाहीये. चुकलाय एवढंच म्हणतेय."

"वारा आहे तुझा. डॉक्टर आले की काय करणार आहेत वाऱ्याला?"

वेनिंगने लॅपटॉपवरून नजर काढली नाही. तिचा आवाज एरवीसारखाच सपाट होता. "सकाळी डोळे उघडले ना आई, की वाटतं, का उघडले. रोज. हा वारा नाहीये. मला कळतं."

सत्तावीस वर्षं वजनाचे तक्ते भरलेल्या बाईला आपल्याच घरात काय घटतंय ते दिसलं नव्हतं. तिला भीती वाटली, खरीखुरी. टोपली बाजूला सारून ती आत गेली आणि पलंगाच्या कडेला टेकली.

"मग डॉक्टरकडे का नाही गेलीस? तालुक्याच्या दवाखान्यात मंगळवारी नर्स असते. मला म्हणाली असतीस..."

"निघाले होते."

"कधी?"

"पावसाळ्यात. एका मंगळवारी. बसथांब्याच्या वाटेवर अकरा जणांनी विचारलं, कुठे निघालीस. पहिली तू होतीस."

"मी?"

"मी म्हटलं, उत्तरेला. तू म्हणालीस, उत्तरेला कुणाकडे. मी म्हटलं, मैत्रिणीकडे, वह्या आणायला. तू म्हणालीस, ती तर सुराबायाला गेलीय ना. मग मी म्हटलं, तिच्या आईकडे. पुढे सार्मीकाकू. त्यांना सांगितलं, औषधाच्या दुकानात. त्या म्हणाल्या, मग माझ्यासाठी बाम आण. पाक गिमिनला तिसरंच काहीतरी सांगितलं. अकराव्या माणसापर्यंत माझ्याकडची सगळी खोटी उत्तरं संपली. मग परत फिरले." तिने पुढचा फॉर्म उचलला. "येताना बाम आणला नाही म्हणून सार्मीकाकू रुसल्या."

हे बोलणं हसण्यासारखंच होतं, आणि दुसऱ्या कुणाचं असतं तर कस्मिरा टेबलावर चार दिवस सांगून हसली असती. आता मात्र तिला रडू आलं, आणि रडताना तिच्या मनात एक विचित्र गोष्ट आली: तो दिवस तिला आठवत होता. पोर बाहेर पडली म्हणून त्या दिवशी ती खूश झाली होती, आणि त्याच आनंदात तिने एक प्रश्न जास्तीचा विचारला होता.

"मग काय करू आता मी?" तिने विचारलं. पोटच्या पोरीला असं विचारायची तिची ही पहिलीच वेळ.

"एकसष्ट नंबर दुरुस्त कर," वेनिंग म्हणाली. "मी नाही करणार. फॉर्म तुझ्या अक्षरात आहे."

पण दुरुस्ती राहून गेली. दुसऱ्या दिवशी गाडी आली आणि सगळे फॉर्म घेऊन गेली. कस्मिरा टेबलाशी उभी होती, तोंड उघडलंही होतं, पण ड्रायव्हरने पेचेल मागितलं आणि तिखट किती घालू यात ते राहिलं. आपण मुद्दाम राहू दिलं हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्या आठवड्यात तिची चटणी रोज खारट झाली.

पंधरा दिवसांनी दुसरी गावसभा भरली. बू रेत्नाने भिंतीवर आकडे दाखवले. एकशे बारा घरं. मनाने त्रासलेले तरुण: शून्य.

सभेने टाळ्या वाजवल्या.

पाक हार्सोयो तर उठून उभे राहिले. "शून्य! साऱ्या तालुक्यात असा आकडा नाही. आमच्या गावची पोरं, आमचे संस्कार..." ते मागे एकदा स्वच्छ गावाचं बक्षीस मिळालं होतं तेव्हासारखे बोलू लागले. बू रेत्नाने त्यांना बोलू दिलं. मग थोडी चाचरत तिने भिंतीवरचं पुढचं पान काढलं. चौथा प्रश्न. शेजारपाजारी त्रासलेले तरुण: सत्याऐंशी घरांनी सांगितलं, आहेत.

"म्हणजे असं झालंय," ती म्हणाली, "की गावात एकाही घरात कुणी नाही, पण जवळजवळ प्रत्येक घराच्या शेजारी आहे."

जो तो शेजारच्याकडे न बघण्याची काळजी घेत होता.

"कचेरी चौथा प्रश्न धरत नाही. फक्त घरचं धरते. वरच्या पाड्यावरच्या गावाने बावीस सांगितले आहेत. तेव्हा लोकांच्याच म्हणण्याप्रमाणे डॉक्टरीणबाईंचा दिवस त्यांना जाईल. कुणाला काही सांगायचं आहे? सोमवारी बारापर्यंत दुरुस्ती घेता येते."

"इंगिह," सभा म्हणाली. मागून खाऊचे डबे फिरू लागले. केळीच्या पानातला भात, वाफवलेली मिठाई, पाण्याचा पेला. डबे आले म्हणजे सभा संपली, हे साऱ्यांना कळतं.

कस्मिरा चटईवर दुसऱ्या रांगेत होती. तिच्या मांडीवर डबा येऊन पडला. वरच्या पाड्यावरचं गाव म्हणजे दोन डोंगर पलीकडे. जी पोर बसथांब्यापर्यंत पोचली नाही, ती तिथे कसली जातेय. इथे बाई आल्या नाहीत तर वेनिंग कुठेच जाणार नाही, आणि रोज सकाळी डोळे उघडेल आणि तिला वाटेल, का उघडले. एक दिवस...

त्यापुढे कस्मिरा गेली नाही. ती उठली. डबा उघडाच होता, भात चटईवर सांडला.

"एकसष्ट नंबर चुकलाय," ती म्हणाली.

"कोणता एकसष्ट, बू?" रेत्नाने विचारलं.

"माझं घर. मी नाही लिहिलं, ते खोटं आहे. माझ्या वेनिंगला वारा शिरलेला नाही. तिचं मन आजारी आहे, आठ महिने झाले. मी तुमच्या घरात येऊन तुम्हाला विचारत होते, आणि माझ्याच घरात मी..." तिला वाक्य पुरं करता आलं नाही. ती जिथे उभी होती तिथेच सांडलेल्या भाताशेजारी बसली आणि एकेक शीत वेचू लागली.

बाहेर मोटारसायकलीवर बसलेल्या पोरांनी आत डोकावून बघितलं. "इंगिह," कुणीतरी सवयीने म्हणालं आणि स्वतःच ओशाळलं. आणखी कुणी उठलं नाही. कुणी आपला नंबर सांगितला नाही. लोक डबे घेऊन नेहमीपेक्षा लवकर घरी गेले. कस्मिराला वाटलं, पोरीची अब्रू मी फुकट उधळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलाशी पहिला आला पाक गिमिन. पेचेल बांधून घेतलं. मग पुन्हा मागे वळला.

"बू, तो माझा फॉर्म. त्या दिवशी माझा चष्मा नव्हता."

"पण पाक, वाचला मी होता."

"तेच ते. माझ्या कानाला चष्मा नव्हता." तो आपल्या सायकलच्या चाकाकडे बघत म्हणाला, "पोरगा बोलतो खरा. भिंतीशी. तेवढं दुरुस्त करून टाका."

मग बू सार्मी आली. तिला वाटलं होतं तिसरा प्रश्न कोंबड्यांच्या साथीचा आहे. एकाचा फॉर्म म्हणे पावसात भिजला होता, फॉर्म कस्मिराच्याच पिशवीत होता तरी. एकीला तिच्या सासूने चुकीचं सांगायला लावलं होतं, आणि तासाभराने तीच सासू येऊन म्हणाली की चुकीचं सुनेने सांगितलं. दुपारी पाक हार्सोयोंची बायको मोठा डबा घेऊन आली. चटणीला नावं ठेवली, भाव विचारला, आणि जाता जाता म्हणाली, "आमच्या घरचा फॉर्म कारकुनाने भरला होता. आमचे हे तर सहीसुद्धा न वाचता करतात." एकानेही "माझं पोर आजारी आहे" असं म्हटलं नाही. सगळे फक्त चूक दुरुस्त करत होते. सोमवारी बारापर्यंत चुका एकतीस झाल्या, आणि डॉक्टरीणबाई कालीवारूच्या वाट्याला आल्या. दर गुरुवारी दोन ते चार, सभागृहाशेजारच्या खोलीत.

बू रेत्ना फार आनंदली. तिने कस्मिराला विचारलं, पोरांनी यावं म्हणून गावाने आणखी काय करायला हवं? कस्मिराने वेनिंगची अकरा माणसांची गोष्ट सांगितली, फक्त पहिलं माणूस कोण ते गाळलं. पाक हार्सोयोंना हे एकदम पटलं. मनाच्या आजारावर त्यांना काही सुचत नव्हतं, पण ठराव कसा करायचा हे त्यांना बरोबर येत होतं. ठराव झाला: एक, गुरुवारी दीड ते साडेचार कुणीही कुणाही तरुणाला "कुठे निघालास, कुठे निघालीस" विचारायचं नाही. दोन, बघायचंही नाही. दुसरं कलम कस्मिराने सुचवलं. ती म्हणाली, आपली माणसं तोंडाने गप्प राहतील आणि डोळ्यांनी विचारतील, मला माहीत आहे, मीच ती. मशिदीच्या कर्ण्यावरून ठराव दोनदा वाचला.

पहिल्या गुरुवारी रस्त्यावर एकही पोर दिसलं नाही. फुटबॉलला जाणारीसुद्धा घरात बसली. कारण कुणाला विचारलं गेलं नाही, तर तो कुठे निघालाय हे साऱ्या गावाला आपोआप कळणार होतं. ज्याला रामराम मिळणार नाही, तोच रोगी. डॉक्टरीणबाई दोन तास एकट्या बसल्या, त्यांना चहा चार वेळा मिळाला. पाक तुगिनो तरुणांच्या वतीने भेटून आले आणि गुडघा दाखवून आले.

दुसऱ्या गुरुवारी दोन वाजता मागच्या खोलीचं दार उघडलं. वेनिंगने केस विंचरले होते. कस्मिरा टेबलापाशी होती. तिने पोरीकडे एकदाच पाहिलं, मग कलम दोन आठवलं आणि ती घाईने भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

वेनिंग गल्लीत आली. समोर ओट्यावर बू सार्मीने पाठ फिरवली. पुढे पाक गिमिन चाकावर एवढा वाकला की नाक टायरला टेकलं. कुणी झाडलेलंच अंगण झाडत होतं, कुणी कोऱ्या भिंतीवर काहीतरी शोधत होतं. भर दुपारी सगळी गल्ली पाठमोरी उभी होती. आणि कस्मिराला मागून एक आवाज ऐकू आला, जो ओळखायलाच तिला वेळ लागला. वेनिंग हसत होती. थोडंसंच, नाकातून.

मग दुसरा आवाज आला. "कुठे निघालीस, पोरी?"

साऱ्या पाठी ताठ झाल्या. म्बाह सादिमान, म्हणजे सादिमान आजोबा, गल्लीतले सर्वात म्हातारे, दोन महिने लेकीकडे राहून कालच ब्लोराहून आले होते. त्यांना ठराव सांगायचं कुणालाच सुचलं नव्हतं.

कस्मिराने डोळे मिटले. आता पोर म्हणणार, उत्तरेला. आणि परत फिरणार.

"डॉक्टरीणबाईंकडे, म्बाह," वेनिंग म्हणाली. चांगलं मोठ्याने, कारण म्हाताऱ्याला कमी ऐकू यायचं. "माझं मन बरं नाही."

मोठ्यांपुढे बोलताना इथे शब्द बदलतात. स्वतःच्या मनाला एक शब्द, साधा. समोरच्या वडीलधाऱ्यांच्या मनाला दुसरा, मानाचा. हल्लीच्या पोरांची यात हटकून गल्लत होते. वेनिंगची झाली. तिने स्वतःच्या मनाला तो मानाचा शब्द लावला, म्हणजे स्वतःलाच अहो-जाहो करावं तसं. एरवी तीन ओट्यांवरून तिला टोकलं असतं, आणि सगळ्यात आधी आईने. अशी चूक ऐकली की गप्प बसणं कस्मिराला आजवर जमलं नव्हतं.

म्बाह सादिमानांनी मान हलवली. मग म्हणाले, "म्हातारी गेल्यापासून माझंही बरं नाही. बाई म्हाताऱ्यांना बघतात का?"

"विचारते, म्बाह."

"विचार हो."

चपलांचा आवाज सभागृहाच्या दिशेने लांब गेला. दुरुस्ती कस्मिराच्या जिभेवर आलेली होती. भिंतीकडे तोंड करून, दोन्ही हात चटणीने माखलेले, ती रडत होती, आणि तिच्या मनात आलं, असू दे. त्या मनाला आपण आठ महिने नाण्याने खरवडलं. कुणीतरी त्याला अहो म्हटलं, तर म्हणू दे.